ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं: डिस्क घासावी की नवी टाकावी?

तुमचा प्रश्न असा: बोलेरो ८०-९० च्या वेगात असताना ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं, घाट उतरल्यावर जास्तच. गॅरेजवाला म्हणतो डिस्क वाकली आहे, लेथवर फेसिंग मारून, म्हणजे तिची दोन्ही तोंडं घासून सपाट करून, घेऊ. घासावी की नवी टाकावी, आणि हे काम घरी जमेल का?

माप घेतल्याशिवाय यातलं काहीच ठरवू नका. डिस्क खरोखर वाकणं फार क्वचित घडतं. बहुतेक वेळा तिची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते. हबच्या (चाक आणि डिस्क ज्यावर बसतात त्या मधल्या भागाच्या) तोंडावर गंज किंवा मातीचा थर असला की डिस्क किंचित तिरकी बसते. मग ब्रेक न दाबताही तिचा एकच भाग दर फेऱ्याला पॅडला घासत राहतो आणि काही हजार किलोमीटरमध्ये तिथे पातळ होतो. जाडीत ०.०२ मिमीच्या आसपास फरक पडला तरी स्टिअरिंगला जाणवतो. दुसरं कारण घाटातलं. आंबोली किंवा कशेडी उतरून तापलेली गाडी खाली पोहोचल्यावर पेडल दाबून उभी ठेवली, तर पॅडचा मसाला डिस्कवर एकाच जागी चिकटतो. ती जागा पुढे जास्त तापते आणि तिथलं बीड (डिस्कचं ओतीव लोखंड) कडक होतं. असे निळसर काळे डाग वरून घासले तरी कडकपणा आत शिल्लक राहतो आणि थरथर परत येते. असे डाग दिसले तर लेथचा नाद सोडा, डिस्क बदला.

आधी दोष पुढच्याच चाकांत आहे ना, ते तपासा. ब्रेक न दाबताही थरथर असेल तर व्हील बॅलन्सिंग किंवा टायर बघा. तुमच्या गाडीला मागे ड्रम आहेत. मोकळ्या, कोरड्या, सरळ रस्त्यावर ४० च्या वेगात हँडब्रेकचं बटण दाबून धरा आणि तो हळूहळू ओढा. थरथर आली तर मागचा ड्रम लंबगोल झालाय. न आल्यास पुढची चाकं उघडा. एबीएस असलेल्या गाडीत जोरात ब्रेक मारल्यावर पेडलला येणारे धक्के वेगळे, तो दोष नाही.

जाडी मायक्रोमीटरने मोजा. साध्या व्हर्नियरचे जबडे कडेच्या न झिजलेल्या ओठावर टेकतात आणि माप जास्त दाखवतात. कडेपासून साधारण १० मिमी आत, गोलाईवर ८ ठिकाणी माप घ्या. किमान जाडी डिस्कच्या कडेवर किंवा मधल्या भागावर कोरलेली असते. गंजाखाली असेल तर वायर ब्रश मारा. समजा नवी डिस्क २४ मिमी, किमान २२ आणि तुमची २२.९ आहे. दोन्ही बाजूंनी ०.४ घेतले तर २२.१ उरतात. कागदावर पास, पण पुढच्या पॅडच्या आयुष्यात ती किमानच्या खाली जाणार. पातळ डिस्क लवकर तापते, म्हणून घाटात तीच आधी दगा देते. जाडी भरपूर असेल, तडे नसतील, डाग नसतील तरच फेसिंगला अर्थ आहे.

घरी जमेल का? डिस्क हबवर बाहेरून बसत असेल तर जमेल. काही गाड्यांत ती हबच्या मागून बोल्ट केलेली असते. तिथे हब उतरवावा लागतो, बेअरिंगला नवं ग्रीस, नवं सील आणि नटाचं नेमकं ॲडजस्टमेंट आलं. ते मेकॅनिकवर सोडा.

सपाट जागा, हँडब्रेक वर, मागच्या चाकांना दगड. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करा. मग जॅक, आणि जॅकवर भरवसा न ठेवता चासीखाली स्टँड. कॅलिपर (पॅड दाबणारा भाग) उतरवला की तारेने बांधून ठेवा. होजवर, म्हणजे ब्रेक ऑइलच्या रबरी नळीवर, लोंबकळला तर होज आतून फाटतो आणि बाहेरून दिसत नाही. कॅलिपर धरणाऱ्या ब्रॅकेटचे बोल्ट घट्ट असतात, लांब पाना लागेल. डिस्क हबला चिकटली असेल तर तिच्या मधल्या भागातल्या आट्याच्या भोकांत बोल्ट आलटून पालटून आवळा, ती बाहेर ढकलली जाते. भोकं नसतील तर स्टडच्या (चाकाचे नट ज्यांवर बसतात त्या बोल्टच्या) मधल्या जागेवर हातोडा, स्टडवर नको.

यानंतरचं काम सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात जास्त टाळलं जाणारं: हबचं तोंड वायर ब्रश आणि पॉलिश पेपरने चकचकीत धातू दिसेपर्यंत साफ करणं. किनारपट्टीवरच्या गाड्यांत इथे खपल्याच निघतात. ते न करता नवी डिस्क लावली तर काही महिन्यांत हीच तक्रार. डिस्क लावून सगळे नट वॉशर घालून आवळा आणि कडेपासून १० मिमी आत डायल गेज लावून डिस्क फिरवा, ती किती डोलते ते काटा दाखवतो. मॅन्युअलची मर्यादा बघा, ०.०५ मिमीच्या आत आलं तर उत्तम. जास्त आलं तर डिस्क एक स्टड फिरवून लावा आणि पुन्हा मोजा. तरीही जास्त असेल तर बेअरिंगचा प्ले (ढिलेपणा) किंवा हबच दोषी.

नव्या डिस्कवरचं गंजरोधक तेल ब्रेक क्लीनरने पुसा. कॅलिपरचा पिस्टन जुन्या पॅडवर जी-क्लॅम्प लावून हळू आत ढकला, त्याआधी ब्रेक ऑइलच्या टाकीतलं थोडं ऑइल सिरिंजने काढा. ते रंगावर सांडलं तर रंग जातो. स्लाइड पिन (ज्यांवर कॅलिपर सरकतो त्या) बोटाने सरकल्या पाहिजेत. आतला पॅड बाहेरच्यापेक्षा जास्त झिजला असेल तर पिन अडकल्या आहेत असं बहुतेकदा समजावं. साधं ग्रीस रबर फुगवतं, तिथे सिलिकॉन ग्रीसच लावा. डिस्क दोन्ही बाजूंच्या आणि पॅड नवे, एकत्रच. डिस्कच्या आतल्या, हवा खेळवणाऱ्या पाती वक्र असतील तर डावी-उजवी वेगळी असते, हे दुकानातच बघून घ्या.

चाकाचे नट ताऱ्याच्या क्रमाने, टॉर्क रेंचने, मॅन्युअलच्या आकड्यावर. पंक्चरवाल्याची एअर गन नट कमी-जास्त आवळते, त्यानेही डिस्क तिरकी होते. चांगल्या कामाची माती करणारं यासारखं हत्यार दुसरं नाही. गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट होईपर्यंत पंप करा. पहिलं पेडल थेट तळाला जातं.

मग पॅड बसवणं. ६० वरून १५ पर्यंत मध्यम ब्रेक, ८-१० वेळा, मध्ये थोडं अंतर चालवत, पूर्ण न थांबता. शेवटी ब्रेक न वापरता ५-१० मिनिटं फिरवा. पहिले २०० किमी कचकन ब्रेक टाळा.

ब्रेक ऑइल २ वर्षांनी बदला. डॉट ४ दर्जाचं ऑइल नवं असताना किमान २३० अंशांना उकळतं, ओलावा शोषल्यावर ही मर्यादा १५५ पर्यंत उतरते, आणि घाटात वाफ झाली की पेडल मऊ पडतं. उतारावर दुसरा-तिसरा गिअर ठेवा. घाट उतरल्या उतरल्या चाकांवर पाणी मारू नका, तापलेलं बीड तडकतं.

काम गॅरेजमध्येच देणार असाल तर तीन गोष्टी समोर उभं राहून करून घ्या: डिस्कची जाडी मोजणं, हबचं तोंड साफ करणं आणि नट टॉर्क रेंचने आवळणं. ज्याच्याकडे मायक्रोमीटर नाही, त्याने डिस्क वाकली असं कशावरून ठरवलं, हेही विचारा.