एकच वादक, दोन रेकॉर्डिंग

प्रश्न: सध्या पियानोवादक ग्लेन गूल्डची, संगीतकार बाखच्या गोल्डबर्ग व्हेरिएशन्सची (एक मूळ धून आणि तिची तीस बदलती रूपं) दोन्ही रेकॉर्डिंग आलटून पालटून ऐकतेय. १९५५चं साधारण ३८ मिनिटांत संपतं, १९८१चं ५१ मिनिटं चालतं, रचना तीच ना, मग एवढा फरक कसा? आणि तुम्हाला कुठलं आवडतं?

उत्तर: पहिल्यात त्याने पुनरावृत्त्या, म्हणजे प्रत्येक भाग दुसऱ्यांदा वाजवणं, घेतल्याच नाहीत, दुसऱ्यात काही घेतल्यात, पण खरा फरक लयीचा. सुरुवातीची आरिया, म्हणजे ती मूळ धूनच बघा, १९५५ला दोन मिनिटांच्या आत आटोपते आणि १९८१ला साधारण तीन मिनिटं घेते, एकेक सूर सुटा, विचार करून ठेवलेला. पंचविसावं व्हेरिएशन मात्र उलट, तिथे तरुण गूल्डच जास्त रेंगाळतो! मला १९८१चंच भिडतं. हेडफोन लावा, त्याचं गुणगुणणंपण ऐकू येतं.