विमानतळावर गेटपाशी कार्पेट कशासाठी? सगळीकडे फरशीच घातली तर काय बिघडतं?

प्रश्नाखाली तुम्ही जोडलंय की कार्पेट घाण धरतं, वर्षभरात कळकट दिसतं आणि बॅगेची चाकं त्यावर जड जातात, म्हणजे हा सगळा उगाच खर्च. चाकांची तक्रार खरी आहे. उरलेल्या दोन गोष्टी मी मीटिंगांमध्ये इतक्या ऐकल्यात की उत्तर लांबणार.

आधी 'कशासाठी' ते सांगतो. आवाजासाठी. ऊब, रंगसंगती, उभं राहून पाय न दुखणं वगैरे कारणं माहितीपत्रकात छान दिसतात, निर्णय मात्र आवाजावर होतो. आणि कार्पेट आवाज शोषतं म्हणून घालतात असं जे सांगितलं जातं तेही अर्धवट आहे. ग्रॅनाइट किंवा टेराझो (दगडाचे बारीक तुकडे सिमेंटमध्ये किंवा राळेत ओतून, घासून गुळगुळीत केलेली फरशी) अंगावर आलेल्या आवाजापैकी जेमतेम १-२ टक्के शोषतो. काँक्रीटवर थेट चिकटवलेलं पातळ कार्पेट १५ ते ३० टक्के शोषतं, तेही मुख्यतः वरच्या पट्टीतलं. खालच्या पट्टीतली घरघर त्याला जुमानत नाही. छताला लावलेलं चांगलं ध्वनिशोषक पॅनल ७० ते ९० टक्के शोषतं. नुसतं शोषणच हवं असेल तर पैसे छतात घाला.

कार्पेटचं खरं काम आवाज निर्माणच न होऊ देणं हे आहे. ६० सेंटिमीटरच्या फरशीच्या टाइल्स बसवल्यात असं धरा. माणूस सेकंदाला साधारण १.३ मीटर चालतो. म्हणजे बॅगेच्या चाकांची एक जोडी सेकंदाला दोनदा सांध्यावर आपटते आणि चार चाकांच्या बॅगेचे ठोके होतात चार. विमानातून उतरलेली ५० माणसं एका दमात निघाली की सेकंदाला दोनशे ठोके, वर टाचांचे वेगळे. कार्पेटवर हे ठोके होतच नाहीत. खालच्या मजल्यावर पोचणारा पावलांचा धडधडाटही कार्पेट टाइलमुळे (म्हणजे रोलऐवजी चौकोनी तुकड्यांत येणाऱ्या कार्पेटमुळे) २० डेसिबल किंवा त्याहून जास्त उतरतो. खाली कार्यालयं किंवा लाउंज असतील तर हा आकडा सोन्याचा आहे. गेटवर ज्या घोषणा ऐकू यायला हव्यात, त्यांची स्पष्टता मोजायचा एक निर्देशांक असतो. ० ते १ या पट्टीवर तो निदान ०.५ असावा अशी अपेक्षा असते. मागचा गोंगाट वाढला की तो घसरतो, मग स्पीकरचा आवाज चढवतात, मग माणसं आणखी मोठ्याने बोलतात.

मग सगळीकडेच कार्पेट का नाही? चाकांमुळे. चेक-इन, सुरक्षा तपासणी, सामान घ्यायचे पट्टे, बॅटरीच्या गाड्या फिरतात ते लांब रस्ते इथे कार्पेट घालू नये, मग विकणारा काहीही म्हणो. सरळ जाणारं चाक कार्पेटचं फारसं नुकसान करत नाही. जागच्या जागी वळणारं चाक लूप, म्हणजे कार्पेटच्या धाग्यांचे वेढे, पिरगाळतं आणि चेपतं. व्हीलचेअर ढकलणाऱ्याला तर दर मीटरला जास्त जोर लावावा लागतो. थोडक्यात, माणूस बसतो तिथे कार्पेट आणि सामान फिरतं तिथे फरशी. एवढं कळलं की पुढचं वाचलं नाहीत तरी चालेल.

आता 'घाण धरतं, वर्षभरात कळकट होतं' याकडे येतो.

अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या विमानतळावरचं हिरवट-निळं कार्पेट १९८७ साली आरेखित झालं आणि ते बदलायला सुरुवात झाली २०१५ मध्ये. लोक त्यावर बूट ठेवून फोटो काढायचे. काढल्यावर त्याचे तुकडे विकत घ्यायला गर्दी झाली. सिंगापूरच्या चांगीत २०१९ साली ६ कोटी ८० लाखांहून जास्त प्रवासी येऊन गेले, तिथे पाऊस काय पडतो ते सांगायला नको, आणि टर्मिनलच्या मोठ्या भागात कार्पेट आहे. त्यामुळे 'वर्दळ जास्त, म्हणून कार्पेट टिकत नाही' हे कारण माझ्यापुढे कुणी ठेवू नये. वर्षभरात वाट लागलेलं कार्पेट दिसलं की मी दोनच गोष्टी विचारतो: खालचा स्लॅब किती ओला होता आणि रात्री सफाईला किती तास मिळतात?

स्लॅबचं आधी, कारण सगळ्यात जास्त पैसा तिथे बुडतो आणि पावती फाटते कार्पेटच्या नावावर. ओतलेलं काँक्रीट वाळायला ढोबळ हिशेबाने २५ मिलिमीटरला एक महिना लागतो. १५० मिलिमीटरचा स्लॅब म्हणजे सहा महिने, आणि ही मोजणी छत बंद होऊन आतली हवा आटोक्यात आल्यावर सुरू होते, ओतल्याच्या दिवशी नाही. पत्र्याच्या डेकवर ओतलेला स्लॅब फक्त वरून वाळतो, त्याला आणखी वेळ द्यावा लागतो. वेळापत्रकात मात्र फरशीवाल्याच्या वाट्याला शेवटचे काही आठवडे येतात, कारण आधीच्या प्रत्येकाने उशीर केलेला असतो आणि उद्घाटनाची तारीख हलत नाही.

वर हात लावला तर कोरडं लागतं, याला काही अर्थ नाही. रात्रभर प्लास्टिकचा तुकडा चिकटवून सकाळी खाली घाम आलाय का बघणं, हीसुद्धा फसवी चाचणी आहे. योग्य पद्धत अशी: स्लॅब एकाच बाजूने वाळत असेल तर जाडीच्या ४० टक्के खोलीपर्यंत भोक पाडायचं, म्हणजे १५० मिलिमीटरमध्ये ६०. भुसा साफ करायचा, नळी बसवायची, तोंड बंद करून २४ तास सोडायचं (२०१८ च्या आधीच्या नियमात ७२ तास होते) आणि आतल्या हवेची सापेक्ष आर्द्रता वाचायची. पहिल्या साधारण १०० चौरस मीटरला तीन भोकं, पुढच्या प्रत्येक १०० ला एक. आकडा ७५ ते ८० टक्क्यांच्या वर असेल तर बहुतेक गोंद त्या स्लॅबवर चालत नाहीत. अचूक मर्यादा डब्यावर लिहिलेली असते आणि ती वाचायची असते.

न वाचता चिकटवलं की काय होतं? वर येणारा ओलावा सोबत काँक्रीटचा क्षार आणतो. त्यात कार्पेट टाइलचा ॲक्रिलिक गोंद पुन्हा मऊ पडतो, चिकट चिखल होतो. पीव्हीसीची पाठ असेल तर क्षाराने तीही खराब होते आणि आंबूस वास सुटतो. मग कडा उचलल्या जातात, ट्रॉलीच्या रेट्याने टाइल्स सरकतात, सांध्यात फट पडते आणि त्या फटीत काळी धूळ बसते. दुरून बघणारा म्हणतो, 'बघा, कार्पेट घाण धरतं.' अहो, खालचा स्लॅब घाम गाळतोय! आणि त्याच ओल्या स्लॅबवर एपॉक्सी राळेचा टेराझो ओतला असता तर तो फुगून सुटला असता, दगड बसवला असता तर पांढरे क्षार आणि डाग वर आले असते. वेळ नसेल तर स्लॅब शॉटब्लास्ट करून (पोलादी छर्रे मारून वरचा थर खरवडून) त्यावर एपॉक्सीचा ओलावारोधक थर द्या. महाग आहे, पण चालू गेटवरचं कार्पेट उखडून पुन्हा घालण्यापेक्षा स्वस्त.

बसवण्यातली एक चूक इतकी सर्रास होते की ती सांगायलाच हवी. ५० बाय ५० सेंटिमीटरच्या टाइलला जो सुटा होणारा गोंद वापरतात, तो पातळ फिरवून पूर्ण वाळू द्यायचा असतो. पांढरा रंग जाऊन पारदर्शक झाला, बोटाला चिकटतो पण बोटावर येत नाही, तेव्हा टाइल ठेवायची. घाईत ओल्या गोंदावर ठेवली तर ती कायमची बसते आणि टाइल घेण्याचा सगळा फायदा संपतो. डाग पडलेली एक टाइल रात्रीत काढून दुसरी घालता यावी, म्हणून तर रोलऐवजी टाइल घेतली होती ना? टाइल्स २४ तास आधी जागेवर आणून ठेवा, सुरुवात मध्यरेषेवरून करा, पाठीवरचे बाण बघा. दहा टाइल्स लावल्या की मोजा. पाच मीटरपेक्षा बरंच जास्त भरलं तर सांधे सैल आहेत, कमी भरलं तर दाबून बसवल्यात आणि पुढे त्या मधोमध उचलणार. कडेला अर्ध्यापेक्षा बारीक तुकडा येऊ देऊ नका. त्याच रंगाच्या बॅचमधल्या ३ ते ५ टक्के जास्तीच्या टाइल्स गोदामात ठेवा. पाच वर्षांनी तोच रंग मागवून जुळत नाही.

सफाईचं गणित सोपं आहे, करत कुणी नाही. येणारी घाण बहुतांश कोरडी धूळ असते आणि तिचे कण तंतू कापतात. दारात निदान ६ मीटर पायपुसणं हवं: आधी खरवडणारं, मग पुसणारं. विमानतळासाठी मी त्याहून जास्तच मागेन, कारण इथे पावलांबरोबर चाकंही येतात आणि चाक झटकता येत नाही. रोज ब्रशवाला व्हॅक्यूम, नुसता ओढणारा नाही. सांडलेलं त्याच रात्री टिपायचं. च्युइंगम गोठवून फोडायचं, ओरबाडायचं नाही. गरम पाण्याने खोल धुणं वर्षातून दोनदा, आणि मेख इथेच आहे. धुतलेलं कार्पेट वाळायला ६ ते १२ तास लागतात आणि रात्री गेट मोकळं मिळतं तीन-चार तास. म्हणून एकेक गेट बंद ठेवून, पंखे लावून धुवावं लागतं. ते न करता घाईत शाम्पू मारून सोडतात. मग साबणाचा अंश तंतूंवर राहतो आणि कार्पेट आधीपेक्षा लवकर काळं होतं. तंतू निवडताना रंग आतूनच असलेला नायलॉन घ्या, बसक्या लूपचा. वरून रंगवलेला कॉफी-सरबताचे डाग पिऊन टाकतो.

फरशीच्या बाजूनेही बोलतो. चालायच्या मार्गावर माझी पहिली पसंती टेराझो, एपॉक्सीचा, साधारण १० मिलिमीटर जाडीचा. सांधे नाहीत, चाकं गुळगुळीत जातात आणि नीट केला तर इमारतीच्या आयुष्याएवढा टिकतो. मायामीच्या विमानतळावर त्यात कांस्य आणि शिंपले बसवून मैलभराहून लांब नक्षी केली आहे, ती जाऊन बघण्यासारखी आहे. पण स्लॅबला पडलेली भेग टेराझोतून वर येतेच, म्हणून स्लॅबच्या प्रत्येक जोडावर विभाजक पट्टी हवी. एपॉक्सी उन्हात पिवळा पडतो, हे काचेच्या भिंतीजवळ लक्षात ठेवा. आणि चकचकीत म्हणजे चांगलं, हा विचार सोडा. लंबकाच्या चाचणीत (झुलता लंबक फरशीवर घासून ती किती निसरडी आहे ते मोजतात) ओल्या पृष्ठभागाला ३६ च्या खाली आकडा आला तर माणसं घसरणार, फोटो कितीही सुंदर येवो.

फरशी आणि कार्पेट भेटतात ती रेषा ड्रॉइंगमध्ये कुणीच नीट दाखवत नाही. टेराझो १० मिलिमीटर, कार्पेट टाइल ६-७. वर उतरती धातूची पट्टी ठोकून प्रश्न सुटत नाही, ती सुटते आणि बॅगा अडतात. कार्पेटच्या बाजूला लेव्हलिंगचा थर मीटरभर उतरता देऊन दोन्ही पातळ्या एक करा. अमेरिकी सुगम्यता नियमात उभी पायरी जास्तीत जास्त ६ मिलिमीटर चालते. मी २ ला सुद्धा नाही म्हणेन.

त्यामुळे 'कार्पेट काढा, सगळीकडे दगड टाका, कटकट मिटेल' असं मांडणाऱ्यांनी दगडाच्या बिलात तीन ओळी आणखी लिहाव्यात: ध्वनिशोषक छत, जास्तीचे स्पीकर आणि रोज फिरणारं घासायचं यंत्र. मग तुलना करू. आणि कार्पेटच्या बिलात दर सात-दहा वर्षांनी बदलायचा खर्च आम्हीही लिहितो, लपवत नाही.

काही अपवाद उशिरा आठवले, तेही लिहितो. रात्रपाळीची सफाईच नसलेलं छोटं टर्मिनल असेल तर कार्पेट घालू नका, रबराचं फ्लोअरिंग बघा. आवाज बराच कमी होतो आणि पुसता येतं. छत आधीच चांगलं शोषणारं असेल तर कार्पेटची गरज निम्मी होते. दृष्टिहीनांसाठीची स्पर्शपट्टी कार्पेटवर नीट टिकत नाही आणि काठीचा आवाजही कार्पेट खाऊन टाकतं, म्हणून तो मार्ग गेटच्या काउंटरपर्यंत कडक फरशीचाच ठेवा. पाण्याचे नळ, शौचालयाचं दार आणि खाण्याची दुकानं यांच्यापुढे निदान ३ मीटर फरशी सोडा. बोर्डिंगची रांग जिथे वळते तिथल्या टाइल्स सगळ्यात आधी झिजतात. दर सहा महिन्यांनी त्या खुर्च्यांखालच्या टाइल्सशी अदलाबदल करा, मात्र धुण्याच्या आधी, म्हणजे रंगातला फरक कमी दिसतो.