प्रवचन वेल्शमध्ये, कविता इंग्रजीत

प्रश्न : माझी नात ब्रिटनमधल्या वेल्सच्या राजधानीत, कार्डिफला, शाळेत जाते. तिथे वेल्श शिकावीच लागते, त्यामुळे फोनवर मला ती वेल्श शब्द ऐकवते. तिच्या नादाने मी वेल्सचे कवी आर. एस. थॉमस वाचायला घेतले. हे गृहस्थ वेल्श भाषेचे एवढे कट्टर कैवारी, मग कविता इंग्रजीत का? हा दुटप्पीपणा नाही का? आपले कवी अरुण कोलटकर तर मराठी-इंग्रजी दोन्हींत लिहीत. (एक वाचक, सांगली)

उत्तर : काका, ‘दुटप्पीपणा’ हा शब्द मला लागला, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

थॉमस यांचा जन्म 1913 चा, कार्डिफचाच. वडील जहाजावर, घरची भाषा इंग्रजी. वेल्श ते शिकले तिशीच्या सुमारास, मनावॉन या डोंगरातल्या गावी पाद्री असताना. तिथले शेतकरीसुद्धा इंग्रजीच बोलत. वेल्श बोलणारा मुलूख पश्चिमेला, डोंगरापलीकडे. आजूबाजूला कुणी बोलत नसताना हा माणूस आपल्याच देशाची भाषा पहिल्यापासून गिरवायला बसला. पुढे कुठे कुठे गेले पाहा : 1954 मध्ये एग्लुइस-वाख, 1967 मध्ये पार लीन द्वीपकल्पाच्या टोकाला आबेरदारॉन. भाषा जिथे जिवंत होती, तिकडे ते सरकत गेले.

आबेरदारॉनचं चर्च मी पाहिलंय. दगडी, बसकं, अगदी किनाऱ्यावर. कबरींच्या रांगा संपतात तिथे बांध आणि बांधाखाली वाळू. आत बाकावर बसलं तरी लाटा ऐकू येतात. इथे ते वेल्शमध्ये प्रवचन करत, गावकऱ्यांशी वेल्श बोलत, आणि घरी येऊन कवितेला बसले की हातून उतरे ती इंग्रजी. आत्मचरित्र मात्र त्यांनी वेल्शमध्येच लिहिलं. 1985 साली आलं ते. नाव ‘नेब’, म्हणजे ‘कुणीच नाही’; आणि त्यात स्वतःला ‘मी’ न म्हणता ‘तो’ म्हटलंय. गद्य जमलं, कविता जमली नाही, आणि ही खंत त्यांनी कधी लपवली नाही. कवितेला लहानपणी कानावर पडलेली भाषाच लागते, असं ते मानत.

मला हे पटतं. मी तीस वर्षं कॉलेजात इंग्रजी शिकवलं, पण लेकीला मांडीवर थोपटताना तोंडून आली ती आजीची ओवीच. ती काही मी ठरवून निवडली नव्हती. म्हणून कोलटकरांशी तुलना मला मान्य नाही. त्यांच्याकडे मराठी पहिल्यापासून होती. थॉमसना ते दार बंदच मिळालं.

दार कुणी बंद केलं, हे वेल्सच्याच दुसऱ्या एका कवीच्या, डिलन थॉमसच्या घरात दिसतं. (आडनाव एक, नातं नाही.) त्याचे आई-वडील दोघंही वेल्श बोलणारे. मुलाचं नाव ठेवलं ते जुन्या वेल्श कथांतलं. वेल्श उच्चार खरं तर ‘डलन’च्या जवळचा. पण वडील स्वान्सीच्या शाळेत इंग्रजीचे शिक्षक. त्यांनी मुलांना वेल्श दिली नाही, उलट इंग्रजी उच्चार घोटवून घ्यायला शिकवणी लावली. मुलांचं भलं व्हावं म्हणूनच. आपल्याकडच्या कितीतरी घरांत हेच चाललंय आणि ते बघून माझ्या पोटात तुटतं.

आर. एस. थॉमस यांची इआगो प्रिथर्क या शेतकऱ्यावरची कविता मिळाली तर जरूर वाचा. गुरांसाठीच्या कंदांची हिरवी साल तासत बसलेला, कपड्यांना घामाचा आणि जनावरांचा वास येणारा माणूस आहे तो. शब्द इंग्रजी, पण नावापासून मातीपर्यंत सगळं वेल्श. आणि नातीला म्हणावं, वेल्श सोडू नकोस.

प्रश्न : वेल्श साहित्य संमेलनात कवीला ‘खुर्ची’ मिळते म्हणतात. म्हणजे खरीच खुर्ची की नुसता मान? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : खरीच, लाकडाची. आइस्टेथवॉड या त्यांच्या संमेलनात वेल्श छंदांतल्या दीर्घ कवितेला ती मिळते. कवी टोपणनावाने कविता पाठवतो, मंचावरून ते नाव पुकारतात आणि गर्दीतून कुणीतरी उभं राहतं. 1917 मध्ये बर्कनहेडला नाव पुकारलं, पुन्हा पुकारलं, कुणी उठलं नाही. कवी हेद विन, त्राउसवनिद गावचा मेंढपाळ, 31 जुलैलाच बेल्जियममध्ये लढाईत मारला गेला होता. खुर्चीवर काळं कापड टाकलं आणि ती तशीच त्याच्या आईवडिलांच्या घरी गेली. कोरीवकाम केलं होतं बेल्जियमहून जीव वाचवून आलेल्या एका निर्वासित कारागिराने. पुढे भाच्याने त्या शेतघराचं दार येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी वर्षानुवर्षं उघडं ठेवलं. 2012 मध्ये घर तिथल्या राष्ट्रीय उद्यानाने घेतलं. खुर्ची अजून तिथेच आहे.