आपण चिकटलोय तो आधार मऊ आहे की कडक, हे पेशीला कसं कळतं?

ओढून पाहून. हे काम मुख्यतः इंटिग्रिन ही प्रथिनं करतात: पेशीपटलातून आरपार गेलेली, बाहेरच्या टोकाने पेशीभोवतीच्या जाळ्यातल्या कोलॅजन किंवा फायब्रोनेक्टिन या प्रथिनांना धरणारी आणि आत टॅलिन या प्रथिनामार्फत पेशीच्या सांगाड्यातल्या अ‍ॅक्टिनच्या धाग्यांशी जोडलेली. पेशी हे धागे सतत आवळत असते. आधार कडक असेल तर तो हटत नाही, ताण टॅलिनवर येतो, त्याच्या घड्या उलगडतात आणि उघड्या पडलेल्या जागांवर व्हिन्क्युलिन हे आणखी एक प्रथिन येऊन बसतं, म्हणजे पकड आणखी घट्ट. मऊ आधार ओढीसरशी सरकतो, तेवढा ताण येतच नाही. इंटिग्रिन स्वतः एन्झाइम नाही. पुढचा संदेश फोकल अ‍ॅडहिजन कायनेजसारखी शेजारची एन्झाइम नेतात. परिणाम मात्र किरकोळ नाही: २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या प्रयोगात मूळपेशी (स्टेम सेल) मेंदूइतक्या मऊ जेलवर चेतापेशींच्या वळणावर गेल्या, तर कडक जेलवर हाडाच्या पेशींच्या.

हे सगळं आधार धरून राहणाऱ्या पेशींचं झालं. रक्तातल्या प्लेटलेट्सचं मुख्य इंटिग्रिन एरवी बंद अवस्थेत असतं आणि जखम झाली की चालू होतं; नाहीतर प्लेटलेट्स एकमेकींना चिकटून रक्त वाहतावाहताच गोठलं असतं.