हीटर गार, इंजिन गरम

प्रश्न : रेडिएटरच्या वरच्या होजला चीर गेली होती. नवा होज घरीच बसवला. जुनं कूलंट काढून टाकलं, साध्या पाण्याने सिस्टिम धुतली आणि नवं कूलंट तोंडापर्यंत भरलं. गळती कुठेच नाही. तरी थोडं अंतर गेलं की तापमानाचा काटा चढतो आणि मध्येच झपकन खाली येतो. हीटर लावला तर गार वारा येतो, डॅशबोर्डमागे पाणी खळखळतं. मेकॅनिक म्हणतो वॉटर पंप बदला, मित्र म्हणतो थर्मोस्टॅट काढून फेका. कोणाचं ऐकू?

उत्तर : तूर्तास कोणाचंच नको. गार हीटर आणि डॅशबोर्डमागची खळखळ, ही दोन लक्षणं कूलंट भरल्याभरल्या एकत्र दिसली की माझा पहिला संशय हवेवर जातो. तुमच्या सिस्टिममध्ये हवा अडकली आहे. बऱ्याच गाड्यांत हीटरची जाळी उंचावर असते, हवा तिथे जाऊन बसते आणि गरम कूलंट जाळीपर्यंत पोचतच नाही. काटा नाचतो तोही त्यामुळेच. सेन्सरभोवती घटकेत वाफ असते, घटकेत कूलंट.

तोंडापर्यंत भरलं म्हणजे सिस्टिम भरली असं नाही. खरं काम तिथून पुढे आहे.

आधी इंजिन पूर्ण गार होऊ द्या. रेडिएटरचं झाकण प्रेशर कुकरच्या जातीचं आहे : साधारण १ बार दाब धरून ठेवतं, म्हणून आतलं कूलंट १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. गरम असताना झाकण फिरवलंत तर दाब जातो आणि ते क्षणात उसळून तोंडावर येतं. फडकं धरून हळूच उघडतो म्हणणारे मला भेटतात. त्यांनाही माझं उत्तर 'थांबा' एवढंच.

मग गाडीचं तोंड चढाला येईल अशी उभी करा, हँडब्रेक ओढा, चाकांना अडण लावा. भरायचं तोंड सगळ्यात उंच आलं पाहिजे. हीटरचा खटका पूर्ण गरमवर, पंखा मंद. ब्लीडर स्क्रू (हवा बाहेर सोडायचा स्क्रू) असेल तर तो सैल करा आणि बुडबुड्यांशिवाय सलग धार येईपर्यंत सावकाश भरा, मग बंद करा. बेताने आवळा, हे स्क्रू पुष्कळदा प्लॅस्टिकचे असतात. भरता भरता वरचा आणि खालचा होज हाताने दाबत राहा, बुडबुडे वर येतील.

आता झाकण उघडंच ठेवून, तोंडात नरसाळं लावून इंजिन सुरू करा आणि स्लोवर चालू द्या. (काही गाड्यांत रेडिएटरला झाकणच नसतं, दाबाची बाटली असते. तिथे भरणं बाटलीतूनच, आणि झाकण कधी लावायचं ते गाडीच्या पुस्तकात पाहून.) सुरुवातीला काही घडत नाही आणि माणसं इथेच कंटाळतात. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावर रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप, बहुतेक गाड्यांत ८२ ते ९० अंशांच्या आसपास उघडतो. तो उघडला की वरचा होज एकदम तापतो, मोठा बुडबुडा फुटतो आणि पातळी धाडकन खाली जाते. तेवढं कूलंट घाला. रेडिएटरचा पंखा एकदा लागून बंद होईपर्यंत आणि हीटरमधून खरी गरम हवा येईपर्यंत थांबा. बोटं, बाह्या, ओढणी पंख्यापासून लांब. काही गाड्यांत तो किल्ली काढल्यावरही फिरतो. पातळी स्थिरावली की झाकण लावा आणि इंजिन पुन्हा पूर्ण गार झाल्यावर बाटलीतली खूण तपासा.

तुम्ही विचारलं नाही, पण पाण्याने धुतलंत म्हणून सांगतो. धुतल्यावर इंजिनाच्या ब्लॉकमध्ये पाणी राहतंच. समजा सिस्टिम ६ लिटरची आहे आणि बाहेर ४ लिटरच आलं, तर २ लिटर पाणी आतच आहे. वरून तयार मिश्रण ओतलंत तर ते पातळ होणार. अशा वेळी ३ लिटर निव्वळ (पाणी न मिसळलेलं) कूलंट आधी, मग १ लिटर डिस्टिल्ड पाणी. पाण्यात निम्मंनिम्म मिसळलेलं इथिलीन ग्लायकॉल (कूलंटमधलं मुख्य द्रव्य) सुमारे उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. निव्वळ ग्लायकॉल मात्र उणे १३ च्या आसपासच गोठतं, शिवाय उष्णताही कमी वाहून नेतं. जास्त घातलं म्हणजे जास्त चांगलं, हा हिशेब इथे चालत नाही. आणि रंगावर जाऊ नका. हिरवं, गुलाबी हे कंपन्यांचे रंग आहेत, बाटलीवरचं स्पेसिफिकेशन पाहा.

पंप बदलायचा तो गळत असेल, बेअरिंग आवाज करत असेल किंवा आतला पंखा झिजला असेल तर. थर्मोस्टॅट अजिबात काढू नका, इंजिन नीट तापणारच नाही आणि पेट्रोल जास्त जाळेल. शंका असेल तर पातेल्यातल्या पाण्यात थर्मामीटरसह तापवून तो उघडतो का बघा.

नीट हवा काढूनही बुडबुडे येतच राहिले, पातळी रोज उतरली, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर दिसला, तर सिलिंडरमधला वायू कूलंटमध्ये शिरत असावा. म्हणजे हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांमधलं सील) गेलं. मग घरचं काम थांबवा, गाडी चालवू नका, टो करून न्या.

काढलेलं जुनं कूलंट गटारात ओतलं नसेल अशी आशा आहे. ते चवीला गोड आणि विषारी असतं, कुत्री-मांजरं चाटतात. बंद कॅनमध्ये भरून वर्कशॉपला द्या आणि जमिनीवर सांडलेलं आजच धुऊन काढा.