‘वर्षातून दोन-चारदा घेतली तर चालेल ना?’

पत्र

ताई, माझं वय ४१. पनवेलजवळच्या गावात राहतो, कंपनीत डिस्पॅचला आहे. चौदा वर्षं दारू प्यायलो, शेवटची पाच वर्षं रोज. गेल्या वर्षी कावीळ झाली, मग व्यसनमुक्ती केंद्रात राहून आलो. सात महिने झाले, थेंब घेतलेला नाही. पण बायको अजून दार उघडताना आधी माझ्या तोंडाजवळ येऊन वास घेते, मग बाजूला होते. मी आंघोळीला गेलो की मोबाइलमध्ये पैसे कुठे गेले ते बघते. मुलीची शपथ घेऊन सांगितलं तरी विश्वास नाही. मग सोडून मिळवलं काय? रात्री झोप लागत नाही, चिडचिड होते. मे महिन्यात पुतण्याची हळद आहे. मोठा भाऊ म्हणतो, बाटल्यांचं तूच बघ, तुला त्यातलं कळतं. आणि घरचं कार्य आहे, दोन घेतल्यास तर आभाळ कोसळणार नाही. दर श्रावण मी कडक पाळायचो, म्हणजे माझा कंट्रोल आहे. आता वर्षातून दोन-चारदा घेतली तर चालेल ना?

उत्तर

भाऊ,

नाही चालणार.

शेवटच्या ओळीचं उत्तर आधी दिलं, कारण पत्र दुसऱ्यांदा वाचताना मला वाटलं की तुम्हाला खरं विचारायचंय ते एवढंच. बायको संशय घेते, झोप येत नाही, भाऊ ऐकत नाही, श्रावण पाळता येत होता. यातलं काहीही खोटं नाही. पण या सगळ्या तक्रारी एका रांगेत लावल्यावर शेवटी ‘चालेल ना’ हाच प्रश्न उरतो. तुम्ही हे मुद्दाम केलंय असं मी अजिबात म्हणत नाही. सोडलेल्या माणसाच्या मनात पिण्याचा विचार सहसा ‘प्यावीशी वाटते’ असा सरळ येतच नाही. तो कुणावरच्या तरी रागाचा हात धरून येतो, आणि बहुतेक वेळा तो राग बायकोवरचा असतो. म्हणून दारात तुम्हाला वाटणारा अपमान आणि हळदीतला ग्लास या दोन गोष्टी मी वेगळ्या धरत नाही.

आधी श्रावणाचं बोलू. श्रावण पाळला म्हणजे आपण व्यसनी नाही, असं मानणारे पुरुष आपल्याकडे घरोघरी आहेत. पण तुमची गटारी कशी जायची ते आठवा. श्रावण संपल्यावर पहिला ग्लास कधी हातात आला, तेही आठवा. तो महिना निभायचा, कारण तो कधी संपणार हे भिंतीवरच्या कॅलेंडरात दिसत होतं. आता शेवटची तारीख नाही, म्हणून सात महिने त्या एका महिन्याहून कितीतरी अवघड आहेत. आणि ते तुम्ही काढलेत. याचं कौतुक तुमच्या घरात अजून कुणी केलेलं दिसत नाही, म्हणून मी करते. मनापासून करते.

‘कधीतरी’ का चालत नाही, तेही समजून घ्या. वर्षानुवर्षं रोज दारू मिळाली की मेंदू ती येणारच असं धरून स्वतःला बदलून घेतो. दारू गुंगी आणते, म्हणून तो उलट्या बाजूने जास्त ताणून जागा राहायला शिकतो. दारू अचानक थांबली की तो ताण तेवढा शिल्लक राहतो. मग हात थरथरतात, घाम फुटतो, काहींना फिट येते. केंद्रात पहिल्या दिवसांत गोळ्या दिल्या त्या यासाठीच. ही थरथर साधारण आठवडाभरात निवते, पण झोप आणि मनःस्थिती मार्गाला लागायला कित्येक महिने जातात. तुमची चिडचिड त्यातली आहे. झोपेसाठी मेडिकलमधून स्वतःच्या मनाने गोळ्या घेऊ नका. झोपेच्या काही गोळ्यांचीही सवय लागते, आणि दारू सुटलेल्या माणसाला ती लवकर लागते. केंद्रातल्या किंवा जवळच्या मानसोपचारतज्ज्ञांना भेटा.

झोप परत येईल. मेंदू जे शिकलाय ते मात्र पुसलं जात नाही. तळलेल्या बोंबलांचा वास, ग्लासात पडलेल्या बर्फाचा आवाज, ‘बसायचं का?’ हे दोन शब्द, एवढ्यावर तो जागा होतो. म्हणून पुन्हा सुरू केली तर तुम्ही चौदा वर्षांपूर्वीच्या दोन पेगांपासून सुरू करणार नाही. जिथे थांबलात तिथे काही आठवड्यांत, कधी काही दिवसांतच, परत पोचाल. तुमच्या यकृताने तर एकदा कावीळ दाखवून सांगितलंय. ज्यांना कधी व्यसन लागलं नाही अशांच्या बाबतीतही, आरोग्याला सुरक्षित म्हणावी अशी दारूची कुठलीही मात्रा नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केलं आहे.

आता वहिनींबद्दल. इथे मी जरा जास्त बोलणार आहे.

मला दारूबद्दल येणारी बहुतेक पत्रं बायकांची असतात. त्यांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते: त्यांचे कान. नवऱ्याची गाडी गल्लीत वळली की त्या हातातलं काम थांबवतात. गाडी एका झटक्यात स्टँडला लागली की दोन-तीनदा धडपडून, यावरून त्यांना आजची रात्र कशी जाणार ते कळतं. मग पोरांना आतल्या खोलीत पाठवायचं का, ताट वाढायचं की झाकून ठेवायचं, पगाराचे पैसे डाळीच्या डब्यातून कुठे हलवायचे, हे ती कडी काढायच्या आत ठरवते. इतकी वर्षं संध्याकाळी तुमच्या घरात कुणीतरी असं कान देऊन उभं होतं. ती सवय तुम्ही लावलीत. तुमची सुटायला डॉक्टर, गोळ्या, समुपदेशक, एवढी माणसं लागली. तिची सुटायला तिला कोण दिलंय?

म्हणून ती वास घेते तेव्हा तुमच्यावर आरोप करत नसते. आजची रात्र सुखाची जाणार एवढी खात्री तिला हवी असते, आणि सात महिने ती खात्री तिला रोज मिळतेय. मिळू द्या. मान ताठ करून, तोंड फिरवून निघून जाऊ नका. मोबाइल तिने लपून बघण्यापेक्षा तुम्हीच रात्री जेवताना तिच्यापुढे ठेवा आणि सांगा, ‘हे पेट्रोलचे, हे भाजीचे.’ तुमच्या मर्दपणाला हे टोचेल, मला ठाऊक आहे. पण लपून तपासणं ज्या घरात बंद होतं, त्या घरात उघड तपासणंही हळूहळू कमी होतं. किती दिवसांत, ते तिला ठरवू द्या. सोडल्याची मजुरी म्हणून विश्वास मागू नका.

आणि मुलीची शपथ पुन्हा कधीही घेऊ नका. पिण्याच्या काळात ती किती वेळा घेतली आणि मोडली, ते वहिनींना पाठ असेल. बारीक गोष्टी सांगा आणि पाळा. आठला येतो म्हणालात तर आठला या. उशीर होणार असेल तर आठच्या आधी फोन करा, नंतर नको. आठ वाजून वीस मिनिटं आणि फोन नाही, म्हणजे काय, हे ती तुमच्यापेक्षा चांगलं ओळखते.

वहिनींनाही त्यांच्यासारख्या बायकांमध्ये बसू द्या. अल्-अनॉन ही व्यसनी माणसांच्या घरच्यांची संघटना १९५१ पासून आहे, आणि तिच्या सभा आपल्याकडेही होतात. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने पत्नींसाठी ‘सहचरी’ गट चालवला आहे. तुम्ही ज्या केंद्रात होतात तिथे असं काही आहे का, विचारा. ‘तुला तिथे जायची काय गरज, आजारी मी होतो,’ हे वाक्य तोंडातून काढू नका.

दारू प्यायल्यावर त्रास होईल अशी डायसल्फिरामची गोळी डॉक्टर काहींना देतात. रोज सकाळी बायकोसमोर ती घ्यायची असं दोघांनी ठरवलं, तर संध्याकाळच्या तपासणीची गरज पुष्कळ घटते. पण कावीळ झालेल्या माणसाला ती यकृताच्या तपासण्या पाहिल्याशिवाय देत नाहीत, त्यामुळे हा निर्णय डॉक्टरांचाच. ती सुरू असताना आयुर्वेदातली आसवं, अरिष्टं आणि काही खोकल्याची औषधंसुद्धा चालत नाहीत, कारण त्यांतही अल्कोहोल असतं. आणि हे वाचणाऱ्या बायकांना हात जोडून सांगते: अशी गोळी किंवा जाहिरातीतली कुठलीही पावडर नवऱ्याच्या चहा-भाजीत गुपचूप मिसळू नका. तो वर दारू प्यायला तर जीव जाऊ शकतो.

आता हळद. तुमच्या भागातली हळदीची रात्र मला माहीत आहे. मटण, मासळी, बँजो, आणि मांडवामागे पहाटेपर्यंत चालणारी बैठक. भावाचा जीव तुमच्यावर आहे, पण सात महिन्यांपूर्वी बंद केलेल्या माणसाच्या हाती बाटल्यांचा हिशेब देणं म्हणजे काय, हे त्याला उमगलेलं नाही. त्याला आत्ताच सांगा, मे उजाडायची वाट पाहू नका. संध्याकाळी बैठकीत नको, सकाळी चहाच्या वेळी, दोघंच असताना. ‘दादा, बाटल्यांचं काम मी करणार नाही. पाहुण्यांना स्टेशनवरून आणायचं, मांडवाचं, आचाऱ्याचं, काहीही सांग.’ आणि ते काम असं करा की घरचा माणूस कमी पडला असं कुणी म्हणू नये.

त्या दिवशी विधींना हजर राहा, पुतण्याला हळद लावा, पोटभर जेवा. उपाशीपोटी आणि दमलेल्या माणसाला ओढ जास्त लागते. बैठक बसायला लागली की वहिनी आणि मुलीला घेऊन घरी या. गाडी स्वतःची ठेवा, म्हणजे कुणाच्या निघण्यावर तुमचं निघणं अडणार नाही. आग्रह झालाच तर एकच वाक्य, ‘मला चालत नाही.’ कारण देत बसू नका. ‘डॉक्टरांनी सध्या बंद केलीय’ म्हणालात तर सध्या कधी संपतं ते विचारणारे चार जण निघतील. ‘माळ घातलीय’ हेही खोटं सांगू नका. खरंच घालायची इच्छा असेल तर जरूर घाला, माळकऱ्याला आपल्या गावात कुणी ग्लास पुढे करत नाही, त्यामागे शेकडो वर्षांची पुण्याई आहे. पण ती ढाल म्हणून नको. आणि अल्कोहोल नसलेली बियरही घेऊ नका. चव आणि वास तोच असतो, आणि तुमच्या मेंदूला तेवढं पुरे.

भाऊ ऐकणारच नसेल तर रात्री जाऊच नका. दुसऱ्या दिवशी लग्नाला सगळ्यांत आधी पोचा. तो रुसेल. त्याचा रुसवा निघेल.

ओढ लागली तर काय करायचं, यासाठी एक खरी गोष्ट सांगते. मे १९३५. अमेरिकेत ओहायो राज्यातलं ॲक्रन शहर. बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा माणूस धंद्याच्या कामासाठी आला होता, आणि काम फिसकटलं होतं. दारू सोडून त्याला पाचेक महिने झाले होते, म्हणजे तुमच्याहूनही कमी. हॉटेलच्या लॉबीत तो एकटा होता, आणि बारमधून माणसांचे आवाज येत होते. त्याच लॉबीत फोन होता. तो फोनकडे गेला आणि गावातल्या चर्चना फोन लावत सुटला, कारण त्याला बोलायला दुसरा एक दारुडा हवा होता. त्यातून त्याची गाठ डॉ. बॉब स्मिथ यांच्याशी पडली. ते स्वतः डॉक्टर असून दारूने पुरते बुडाले होते. बोलणं काही तास चाललं. थोड्याच दिवसांत डॉ. बॉब एका वैद्यकीय अधिवेशनाला गेले आणि पुन्हा प्यायले. परत आल्यावर बिलने त्यांना सोडलं नाही. त्यांचा शेवटचा पेला १० जून १९३५ चा मानतात, आणि अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस म्हणजे ए. ए. आपली सुरुवात त्याच दिवसापासून धरते.

तुमच्या पत्रात भाऊ आहे, बायको आहे, मुलगी आहे, पण दारू सोडलेला एकही मित्र नाही. केंद्रातून आल्यापासून फॉलोअपला किंवा मीटिंगला जाता का, याचा उल्लेखही नाही. ही मला सर्वांत काळजीची गोष्ट वाटली. बायकोला जे सांगता येत नाही, ‘आज खूप प्यावीशी वाटली’, ते तिथे सांगता येतं आणि कुणी दचकत नाही. ए. ए.च्या सभा मराठीतही होतात आणि फी नसते. हळदीच्या आधी दोन जुन्या सदस्यांचे नंबर मोबाइलमध्ये घ्या आणि त्यांना तारीख सांगून ठेवा. ओढीची लाट बऱ्याचदा अर्ध्या तासाच्या आत ओसरते. तेवढा वेळ फोनवर कुणीतरी हवं.

आणि एवढं करूनही एखादे दिवशी घेतलीत, तर त्याच रात्री वहिनींना सांगा आणि सकाळी केंद्रात फोन करा. ‘आता मोडलंच आहे तर’ म्हणून दुसरा दिवस काढू नका. मात्र सलग काही दिवस पिणं झालं असेल, तर घरच्या घरी एकदम बंद करण्याचं धाडस करू नका. रोज पिणाऱ्याने अचानक थांबवलं की पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दोन-चार दिवसांनी भ्रम होऊन माणूस दगावूही शकतो. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच थांबवा. व्यसनमुक्तीसाठी केंद्र सरकारची हेल्पलाइन १४४४६ आहे, मन फारच खचलं तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६. दोन्ही मोफत आहेत. वहिनीही लावू शकतात.

भावाला या रविवारीच भेटा, पत्रिका छापून यायच्या आत. आणि येताना मीटिंग कुठे, किती वाजता असते ते विचारून या.

तुमची,
ताई