जमिनीखालच्या हीटिंगसाठी बॉयलर केवढा घ्यावा, आणि बॉयलरऐवजी वॉटर हीटर चालेल का?

तुम्ही लिहिलंय की मिनेसोटात घर बांधताय, तळमजल्याच्या स्लॅबमध्ये पेक्सच्या (प्लॅस्टिकच्या) नळ्या टाकून झाल्यात, वरच्या मजल्यालाही तेच करणार आहात, आणि कंत्राटदार म्हणतोय की इथे थंडी फार, दीड लाख बीटीयूचा (तासाला किती उष्णता देतो त्याचं हे माप) बॉयलर घ्या. एवढा खर्च करावा का, की वॉटर हीटरवर भागेल, असा तुमचा प्रश्न आहे.

‘थंडी फार, मोठा घ्या’ हे मी माझ्याच घराच्या बेसमेंटमध्ये उभी राहून ऐकलंय, म्हणून लिहायला बसले. मोठा घेऊ नका. आधी तुमच्या कंत्राटदाराकडून खोलीगणिक हीट लॉसचा, म्हणजे थंडीत किती उष्णता बाहेर जाते त्याचा, हिशेब कागदावर मागा. ‘मॅन्युअल जे’ या ठरलेल्या पद्धतीने तो इथे सगळे करतात, निदान करायला हवा. दोन मजल्यांचं, नव्या पद्धतीचं इन्सुलेशन असलेलं मध्यम घर उणे २५ अंश सेल्सिअसमध्येही साधारण ५० हजार बीटीयूच्या आसपास मागतं. आमच्या घराचा आकडा ४८ हजार आला होता. दीड लाखाचा बॉयलर कमीत कमी ३० हजारांवर चालणार असेल आणि एखाद्या खोलीचा झोन मागणार ६ हजार, तर तो दिवसभर पेटत-विझत राहील. त्यात गॅस वाया जातो आणि बॉयलरचं आयुष्यही कमी होतं. आकड्याचं उत्तर एवढंच. पण तुम्ही जे विचारलेलं नाही ते जास्त महत्त्वाचं आहे: पंप कुठे बसवणार आहेत?

आमच्याकडे ८० हजारांचा कंडेन्सिंग (धुरातल्या वाफेचीही उष्णता वापरणारा) बॉयलर होता, म्हणजे गरजेपेक्षा जास्तच. तरी पहिल्या हिवाळ्यात वरचा मजला तापेना. खालची फरशी छान कोमट, आणि वर मागच्या बाजूची खोली थंडगार. नेमकी तीच खोली बाळासाठी तयार केलेली. मला दिवस भरत आले होते, आणि बाळंतपणासाठी आई-बाबा सांगलीहून आले होते. रात्री पंप सुरू झाला की भिंतीतून खळखळ आवाज यायचा, आई दचकून उठायची.

आमचा कंत्राटदार आला, वरच्या मॅनिफोल्डमधून (जिथून फरशीतल्या नळ्या फुटतात तो जोड) हवा काढली, गेला. दोन-चार दिवस बरं चाललं आणि पुन्हा तेच. पुढच्या खेपेला त्याने सिस्टिमचा दाब १२ पीएसआयवरून (पीएसआय हे दाबाचं माप) २० वर नेला. त्याने झालं काय, तर बॉयलर तापला की रिलीफ व्हॉल्व्ह (दाब फार वाढला की पाणी सोडणारा) गळायला लागला, कारण तो ३० ला उघडतो आणि एक्सपान्शन टँक, म्हणजे तापून फुगलेलं पाणी सामावणारी हवेची टाकी, १२ च्या हवेवर भरलेली होती. तिच्यातली कामाची निम्मी जागा थंड पाण्यानेच खाल्ली, गरम होऊन फुगलेल्या पाण्याला पुरेशी जागा उरली नाही. मग त्याने शेवटचा निकाल दिला: बॉयलर लहान पडतोय, मोठा घ्या. माझा नवरा घ्यायला तयारही झाला होता. बाळ येणार होतं, कोण वाट बघत बसणार?

माझे बाबा सांगली जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्यात फर्स्ट क्लास बॉयलर अटेंडंट होते. चिपाडावर चालणारे, वाफेचे, तीन मजली बॉयलर. दरवर्षी अग्निप्रदीपनाला पूजा संचालक करायचे, पण त्यानंतरचा सगळा गळीत हंगाम रात्रपाळीला बॉयलर सांभाळायचे ते बाबांसारखे लोक. आमचा बॉयलर भिंतीला टांगलेला, सुटकेसएवढा. बाबा त्याच्यासमोर स्टूल टाकून बसले. बराच वेळ बोलले नाहीत. पंप सुरू झाला तसा त्यांनी पंपावर तळहात ठेवला आणि म्हणाले, “हवा धरतोय गं हा. बॉयलरला काही झालेलं नाही.”

मग त्यांनी माझ्या नवऱ्याला हार्डवेअरच्या दुकानात पाठवून बागेच्या नळाला लावतात तो साधा प्रेशर गेज मागवला. पंपाच्या अलीकडे रिटर्न लाइनवर (घरातून बॉयलरकडे परतणाऱ्या पाण्याच्या पाइपवर) ड्रेनचा कॉक होता, त्यावर तो गेज फिरवून बसवला. पंप बंद असताना काटा १२ वर. पंप सुरू केला, काटा ७ च्या खाली. बाबा म्हणाले, “आता वरचं मॅनिफोल्ड इथनं किती उंच आहे ते मोज.” १८ फूट भरलं.

हिशेब असा आहे. २.३१ फूट पाण्याच्या उंचीला १ पीएसआय. १८ फुटांना जवळजवळ ८. खाली ७ पेक्षा कमी असेल तर वर काय राहिलं? शून्याच्याही खाली. म्हणजे पंप चालू असताना वरच्या मॅनिफोल्डमधला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी. तिथे जो ऑटोमॅटिक एअर व्हेंट हवा बाहेर टाकायला बसवलाय, तोच हवा आत ओढत होता. कंत्राटदार येऊन हवा काढायचा आणि पंप पुन्हा भरायचा.

याचं कारण एक्सपान्शन टँकची जागा. बंद सिस्टिममध्ये पाणी मावायला दुसरी जागाच नसते, म्हणून टँक जिथे जोडलेली असते त्या बिंदूचा दाब पंप चालू असो वा बंद, बदलत नाही. पंप दाब निर्माण करतो तो पुढच्या आणि मागच्या बाजूतला फरक. टँकच्या लगेच पुढे पंप बसवला, तर त्याचं सगळं हेड, म्हणजे पंप जेवढा दाब देतो तो, टँकच्या दाबात मिळवलं जातं आणि सगळ्या घरातला दाब वाढतो. पंप रिटर्नला बसवून बॉयलरमधून टँकच्या दिशेने ढकलत असेल, तर तेच हेड वजा होतं. आमच्या पंपाचं हेड १४ फूट, म्हणजे ६ पीएसआय. त्यातलं बहुतेक सगळं वजा होत होतं. बॉयलर तोच, पंप तोच, नळ्या त्याच, फक्त जागा चुकलेली. अमेरिकेत हे १९६० च्या दशकापासून जाणकार ओरडून सांगताहेत, तरी पंप रिटर्नला बसतातच. जुन्या पंपांच्या पॅकिंगला गरम पाणी सोसायचं नाही म्हणून ते थंड बाजूला बसवायची रीत पडली होती. आताच्या पंपांना ती अडचण नाही, आणि जमिनीच्या हीटिंगमध्ये तर पाणी सहसा ४०-४५ अंशांच्या फार वर न्यावं लागत नाही.

बाबांना हे कसं कळलं, तर फीड पंपामुळे. कारखान्यात बॉयलरला पाणी देणाऱ्या पंपाच्या बरीच वर डीएरेटरची (पाण्यातली हवा काढणारी) टाकी असते. आतलं पाणी शंभर अंशांच्या पुढे तापलेलं. टाकी उंच ठेवतात ती पंपाच्या सक्शनवर, म्हणजे पाणी आत ओढणाऱ्या बाजूवर, पाण्याचं वजन राहावं म्हणून. ते वजन कमी पडलं की पाणी पंपाच्या तोंडाशीच उकळायला लागतं, पंपाला पाणी धरता येत नाही, आणि बॉयलरमधली लेव्हल उतरते. तिथे लेव्हल उतरणं म्हणजे जीवाशी खेळ. ज्या माणसाने सक्शनचा दाब बघत नोकरी काढली, त्याला आमच्या बेसमेंटमधला पंप हाताला लागताच कळणार नाही तर कोणाला कळणार?

हे मी आमच्या दादाला फोनवर सांगितलं. दादा न्यू जर्सीत असतो. तो म्हणाला, “बाबांनी वाफेचे बॉयलर चालवलेत, घरातल्या हीटिंगमधलं त्यांना काय कळतंय? लायसन्सवाल्याचं ऐक आणि मोठा बॉयलर घे.” बाबा शेजारीच बसले होते, स्पीकर चालू होता. ते काही बोलले नाहीत, उठून गेले. तेव्हापासून आमच्यात हा वाद आहे. दर दिवाळीला दादा नवा मुद्दा काढतो. मधे म्हणाला, जमिनीतल्या नळ्या गळतातच, लाँग आयलंडवर लेव्हिटटाउनमध्ये काय झालं बघ. लेव्हिटटाउनची घरं १९४७ पासूनची. स्लॅबमध्ये तांब्याच्या नळ्या होत्या आणि त्या काँक्रीटमध्ये पुढे कुजून गळल्या, हे खरं आहे. पण त्याचा पेक्सशी काही संबंध नाही. पेक्सला सांभाळायचं ते एवढंच की ऑक्सिजन बॅरियर असलेलीच नळी हवी, नाहीतर प्लॅस्टिकमधून ऑक्सिजन झिरपत राहतो आणि सिस्टिममधलं लोखंड गंजतं. आमच्याकडे तर बॅरियर असूनही व्हेंटमधून हवा येत होती. पंप खोलला तेव्हा आत काळा गाळ बसलेला होता.

पंप खोलला तो दुसऱ्या एका प्लंबरने. साठीच्या पुढचा, मिनेसोटाचाच माणूस. बाबांनी कागदावर काढलेलं चित्र त्याने पाहिलं: बॉयलरमधून निघालं की आधी एअर सेपरेटर (पाण्यातली हवा वेगळी करणारा), त्याच्याच पोटाला टँक आणि पाणी भरायची लाइन, लगेच पुढे पंप, मग मॅनिफोल्ड. बाबांना इंग्रजी बोलायला फारसं येत नाही. त्या प्लंबरने चित्र वाचलं, मान हलवली, बाबांशी हात मिळवला आणि पाइप कापायला घेतले. दाब पुन्हा १२ वर आणला, सिस्टिम धुतली, हवा काढली. ती शेवटचीच. संध्याकाळी वरच्या खोलीत फरशीवर अनवाणी उभं राहता येत होतं. माझी मुलगी त्या खोलीत वाढली आणि बॉयलर अजूनही तोच ८० हजारांचा आहे. दादाला मी इतकंच विचारते: मोठा बॉयलर बसवला असता तर हवा ओढणारा व्हेंट बंद झाला असता का? याचं उत्तर त्याने आजवर दिलेलं नाही.

वॉटर हीटरचं राहिलं. लहान घर असेल, भार वीस-पंचवीस हजार बीटीयूचा असेल, तर टाकीचा गॅस हीटर चालतो. पण नळाचं पाणी आणि फरशीतलं पाणी एक करू नका. उन्हाळाभर ते पाणी नळ्यांत कोमट पडून राहतं, लेजिओनेला (फुप्फुसांचा आजार करणारा जंतू) वाढायला यापेक्षा चांगली जागा नाही, आणि तेच पाणी पुढे शॉवरमध्ये येतं. मधे प्लेट हीट एक्सचेंजर (पाणी न मिसळता उष्णता पलीकडे देणारं यंत्र) घालून दोन्ही पाणी वेगळं ठेवा, आणि फरशीच्या बाजूला स्वतंत्र एक्सपान्शन टँक, रिलीफ व्हॉल्व्ह आणि पंप लावा. एवढं सगळं घातल्यावर वॉटर हीटर स्वस्त उरतो का ते तुम्हीच बघा. मी तरी तुमच्या आकाराच्या घराला लावणार नाही.

कोणी जुना कास्ट आयर्नचा बॉयलर स्वस्तात देऊ करत असेल तर त्याला फरशीचं पाणी थेट जोडू देऊ नका. परतीचं पाणी ५५ अंशांच्या खाली गेलं की धुरातली वाफ आतच पाणी होऊन जमते, ते पाणी आम्लधर्मी असतं आणि लोखंड खातं. मिक्सिंग व्हॉल्व्ह लागेल, आणि तोही रिटर्नचं तापमान राखणारा. कंडेन्सिंग बॉयलरला उलट थंड रिटर्नच हवा असतो, म्हणून फरशीला तोच शोभतो.

आता काही गोष्टी मी आधीच सांगायला हव्या होत्या. घर एकमजली असेल आणि लूप लहान असतील, तर रिटर्नला बसवलेला पंपही वर्षानुवर्षं तक्रारीविना चालू शकतो. त्यामुळे कोणाच्या घरी तसा दिसला म्हणून लगेच पाइप कापू नका, आधी गेज लावून बघा. काही बॉयलरमध्ये पंप आतच असतो, किंवा बॉयलरचा आतला अडथळा जास्त असल्याने कंपनी बॉयलरसाठी वेगळा पंप आणि एकमेकांजवळ बसवलेले दोन टी (तीन तोंडांचे जोड) सांगते. मग कंपनीच्या मॅन्युअलमधलं चित्र धरा, माझं नव्हे. अशा वेळी घराकडे जाणारा पंप मात्र टँकच्या पुढेच हवा. रिलीफ व्हॉल्व्ह आणि बॉयलर यांच्यामध्ये कोणताही कॉक बसवू देऊ नका. गॅसचं आणि धुराड्याचं काम लायसन्सवाल्याकडूनच, परमिट काढून करा. आम्हीही तसंच केलं, बाबांनी एका पाइपलाही स्वतः हात लावला नाही. आणि स्लॅब अजून ओतलेला नसेल तर नळ्यांत हवेचा दाब भरून गेज लावून ठेवा, म्हणजे ओतताना कुणाचं फावडं लागलं तर तिथल्या तिथे कळेल.

कंत्राटदाराशी बॉयलरच्या आकड्यावर वाद घालत बसण्याआधी त्याला पाइपिंगचं चित्र काढायला सांगा. त्यात टँक कुठे जोडलीय आणि पंपाचा बाण कुठल्या दिशेला आहे ते बघा. बाण टँककडे असेल तर ते चित्र इथे टाका, मी बाबांना दाखवते. ते सध्या सांगलीत आहेत, सकाळी उठल्यावर फोन बघतात.